सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही: जुन्या एमपीएफआय गाड्यांचं निदान

चावी फिरवली, सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन धरत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा चावी मारली तर पहिल्याच झटक्यात चालू. गॅरेजात नेली की गाडी एकदाही बिघाड दाखवत नाही. मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात उभी. साधारण २००० ते २०१० या काळातल्या मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगनआर, एस्टीम या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळ्या इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांची ही नेहमीची तक्रार. त्याच काळातल्या सँट्रोसारख्या इतर छोट्या पेट्रोल गाड्यांनाही इथली बहुतेक तपासणी लागू पडते. आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर शेवटचा शब्द त्याचा.

कुठलाही सुटा भाग विकत आणण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा. गाडी चालू होत नसताना, त्याच क्षणी, प्लगला ठिणगी पडते का आणि इंजेक्टरला ईसीएमकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, इशारा जातो का? दोन्ही गायब असतील तर दोष दोघांना जोडणाऱ्या जागी आहे: ईसीएमचा वीजपुरवठा, इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँक किंवा कॅम सेन्सर, इमोबिलायझर (चिपवाली चावी ओळखल्याशिवाय इंजिन पेटू न देणारी यंत्रणा). एकच गायब असेल तर त्या एकाच वाटेने मागे जायचं. दोन्ही हजर असतील तर पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन आणि टायमिंग बघायचं. एवढी विभागणी झाली की तीन चतुर्थांश भाग संशयातून सुटतात.

साधनं फार लागत नाहीत. एक डिजिटल मल्टिमीटर, पंचवीस-तीस रुपयांत होणारा एलईडीचा टेस्टर (एलईडीला मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा), आणि ठिणगी बघण्यासाठी गॅप असलेला स्पार्क टेस्टर. पेट्रोलच्या दाबाचा गेज मात्र गॅरेजातून मिळवावा लागेल.

आधी बॅटरी, मीटर लावून

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, या समजापायी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. सेल्फ ९ व्होल्टवरही फिरतो, पण तेवढ्यावर कॉइलची ठिणगी अशक्त होते, इंजेक्टर उशिरा उघडतो आणि प्रत्येक कॉम्प्रेशनला व्होल्टेज आणखी खाली गेलं की ईसीएम मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी सेल्फ सोडता सोडता इंजिन एकदा फुरफुरतं. चावी सुटताना सेल्फचा भार उतरतो, व्होल्टेज वर येतं आणि तेवढ्यापुरती ठिणगी सुधारते. हे लक्षण दिसलं की बाकी काहीही बघण्याआधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या तपासा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर ती जेमतेम निम्मी भरलेली आहे. मग मीटर तसाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी चार्ज करा, आणि चार्ज करूनही तसंच होत असेल तर ती बदलायचीच आहे.

पुढची चाचणी फारसं कोणी करत नाही, आणि ती फार उपयोगी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या टर्मिनलवर टेकवा. सेल्फ मारताना इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब आहे, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. आता एक सुई निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. इथे ०.३ व्होल्टच्या वर गेलं की अर्थची पट्टी (इंजिन आणि बॉडीला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी अर्थिंगची तार) गंजली आहे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे ही पट्टी आतून पोखरली जाते आणि वरचं आवरण शाबूत राहतं. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करून पक्कं आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर मूळ दोष सापडण्याआधी सेल्फ मोटर जळेल.

चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही

चावी फक्त ऑनवर न्या आणि तीन गोष्टी बघा, ऐका.

पहिली गोष्ट, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा. इंजिन बंद असताना चावी ऑन केली की तो लागलाच पाहिजे. लागला नाही तर बहुधा ईसीएमला वीजच पोचत नाही: मेन रिले, त्याचा फ्यूज किंवा ईसीएमचा अर्थ. बल्ब गेलेला असण्याचीही शक्यता असते, म्हणून खात्रीसाठी थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा) कपलर, म्हणजे तारांचा सुटा होणारा जोड, काढा आणि त्याच्या तीन तारांपैकी एकीवर ५ व्होल्ट येतात का ते बघा. ५ व्होल्ट आले तर ईसीएम जागा आहे, गेलाय तो बल्ब. दिवाही नाही आणि ५ व्होल्टही नाहीत, तर ईसीएम झोपलेला आहे.

यात एक फसवा प्रकार आहे. ईसीएमला वीज पोचते, तरीही ५ व्होल्ट मिळत नाहीत, कारण ती एकच तार अनेक सेन्सरना जाते आणि त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. अशा वेळी मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल सेन्सर असे एकेक कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. हे न बघता ईसीएम मेला असं ठरवून जुन्या बाजारातून दुसरा आणला जातो, आणि तोही त्याच शॉर्टपुढे हतबल होतो.

दुसरी गोष्ट, पंपाचा आवाज. चावी ऑन होताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. टाकीचं झाकण उघडून कान लावला की स्पष्ट ऐकू येतं. हे दोन सेकंद म्हणजे लाइनमध्ये दाब भरण्याची वेळ. थांबणं हा बिघाड नाही. इंजिन फिरतंय असा इशारा सेन्सरकडून मिळेपर्यंत ईसीएम पंप पुन्हा चालवत नाही.

तिसरी गोष्ट, इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीचं चिन्ह. ते लुकलुकत राहिलं तर चावी ओळखली गेलेली नाही. दुसरी चावी वापरून बघा. चाव्यांच्या जुडग्यात दुसऱ्या चिपवाल्या गाडीची चावी असेल तर ती बाजूला काढा. चावीचं कवच बाजारात बदलून घेतलं असेल तर जुन्या कवचातली छोटीशी चिप नव्यात टाकली होती का ते तपासा. कंपनीबाहेर बसवलेला सायरन किंवा सेंट्रल लॉकिंगचा अलार्म असेल तर डॅशबोर्डखाली त्याचा इंजिन कट करणारा रिले असतो, बहुतेक वेळा इग्निशनच्या किंवा पंपाच्या तारेत चिकटपट्टी गुंडाळून जोडलेला. दहा-बारा वर्षांनी तो जोड सैल होतो. अधूनमधून दगा देणाऱ्या जुन्या गाडीत हा रिले संशयितांच्या यादीत फार वर ठेवावा.

ठिणगी आणि इंजेक्टरचा इशारा, दोन्ही एकाच वेळी

ठिणगी बघताना आधी पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि इंजेक्टरचे कपलर सुटे करा. प्लगच्या भोकातून उडणारं पेट्रोल आणि ठिणगी एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचलं तर इंजिन पेटल्यावर तो वितळतो. त्यामुळेच न पेटणाऱ्या गाडीला लांबवर धक्का मारत नेणं टाळा.

प्लगची वायर हातात धरून बघण्याची किंवा बॉडीपासून लांब धरून ठिणगी किती उडी मारते ते पाहण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. इथे २० हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो कॉइल किंवा इग्नायटर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा भाग) आतून फोडतो. स्पार्क टेस्टर लावा, त्याचा चिमटा इंजिनला घट्ट लावा. ठिणगी निळसर-पांढरी, तडतड आवाजाची हवी. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही अशी असेल तर ती नाहीच असं धरा.

इंजेक्टरसाठी त्याच्या कपलरमध्ये नॉइड लाइट (इंजेक्टरचा इशारा बघण्याचा छोटा दिवा) किंवा आपला एलईडी टेस्टर लावा. साधा दिव्याचा टेस्ट लॅम्प नको. जास्त वॅटचा दिवा ईसीएमच्या आतल्या ड्रायव्हरवर भार टाकतो. कपलरच्या एका पिनवर चावी ऑन असताना बॅटरीइतके व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना एलईडी लुकलुकला पाहिजे. तो सतत पेटून राहिला तर इंजेक्टरची तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे. ते इंजेक्टर उघडेच राहतात आणि सिलिंडर पेट्रोलने भरतं.

दोन्ही गायब असतील

ईसीएमला वीज आहे, इमोबिलायझर शांत आहे, तरी ठिणगीही नाही आणि एलईडीही लुकलुकत नाही, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतच नाही. ही खबर क्रँक सेन्सर किंवा कॅम सेन्सर देतो. स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. १५० ते ३०० दिसायला हवेत. शून्य दिसलं तर दोष सेन्सर, त्याची तार किंवा कपलर यांतच आहे. स्कॅनर नसेल तर टॅकोमीटर असलेल्या गाडीत सेल्फ मारताना काटा जरासा हलतो का ते पाहा.

दोन तारांचा सेन्सर चुंबकी असतो. त्याचा रोध साधारण काही शे ओहमपासून हजार-दोन हजार ओहमपर्यंत भरतो, आणि सेल्फ मारताना मल्टिमीटरच्या एसी व्होल्टवर मोजलं तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास तरी दिसायला हवं. तीन तारांचा सेन्सर हॉल प्रकारचा असतो. त्याचा रोध मोजून काही कळत नाही. एका तारेवर पुरवठा, एकीवर अर्थ, आणि तिसरीवर इंजिन हळूहळू फिरवताना व्होल्टेज खाली-वर होतंय का एवढंच बघायचं. चुंबकी सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटतो. काढून कापडाने पुसला तरी कधी कधी गाडी सुधारते.

या सेन्सरचा ठरावीक आजार उष्णतेचा. गाडी थंड असताना व्यवस्थित, लांबचा प्रवास झाला किंवा घाटात गरम झाली की चालता चालता इग्निशन बंद केल्यासारखी विझते. अर्धा-पाऊण तास उभी केली की जणू काही झालंच नव्हतं. आतल्या बारीक तारेचा तुटलेला जोड गरम झाल्यावर दूर जातो आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. याचा पुरावा रस्त्यावरच मिळवता येतो. गाडी विझलेली असताना सेन्सरवर ओला फडका धरा किंवा बेताने थंड पाणी टाका. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, तो तडकेल. दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर सेन्सर बदला. गॅरेजात थंड अवस्थेत मोजलेला रोध बरोबर आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. हेअर ड्रायरने तापवून मोजलं तर खरं कळतं.

याच लक्षणाचा दुसरा धनी मेन रिले. उन्हात उभी करून आत तापलेली गाडी चालू होत नाही आणि संध्याकाळी होते, यात रिलेच्या आतल्या पट्टीवरचं सोल्डर तडकलेलं असतं. १९९०च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहे, पण वय झालेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. सेन्सर आणि रिले यांत फरक कसा करायचा? रिले गेला की चावी ऑनला चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. सेन्सर गेला की दिवा लागतो, पंप दोन सेकंद वाजतो, आणि सेल्फ मारताना मात्र पुढे काही घडत नाही. रिले उघडून भिंगाखाली पाहिला की पिनेभोवती गोल भेग दिसते. पुन्हा सोल्डर करता येतं, पण नवा रिले स्वस्त आहे.

पावसाळ्यात उंदरांनाही विसरून चालत नाही. बोनेटखालची उबदार, कोरडी जागा त्यांना आवडते, आणि ते तारा इंजिनच्या मागच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या ठिकाणी कुरतडतात. लेंड्या, भाजीची सालं, फाटलेला कापूस दिसला तर हार्नेस (तारांचा जुडगा) हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. तुटलेली तार पीळ देऊन चिकटपट्टी लावू नका. सोल्डर करून वरून हीट श्रिंक नळी चढवा, नाहीतर तोच जोड पुढच्या पावसात हिरवा पडेल.

ठिणगी आहे, पेट्रोल नाही

पंप चावी ऑनला वाजतच नसेल तर आधी फ्यूज, मग पंपाचा रिले. रिलेच्या जागी वायरिंगची आकृती बघून १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली जोडतार दोन जाड पिनांत घाला. पंप चालू झाला तर पंप आणि त्याची तार ठीक आहेत. रिले किंवा त्याला मिळणारी आज्ञा कमी पडते आहे. चालू झाला नाही तर पंपाच्या कपलरवर मोजा, तेही कपलर जोडलेला ठेवून, मागून सुई घालून. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त घट असेल तर तार किंवा अर्थ कमजोर. पूर्ण व्होल्टेज आहे आणि पंप गप्प, तर पंप गेला. टाकीच्या तळाला बुक्की मारल्यावर तो फिरू लागला तर ब्रश झिजले आहेत. याने घरी पोचता येईल, दुरुस्ती होणार नाही.

पंप वाजतोय म्हणजे दाब आहे असंही नाही. रेलजवळ (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीजवळ) गेज लावल्यावर या मारुती इंजिनांत पंप चालू आणि इंजिन बंद असताना साधारण २.७ ते ३.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळायला हवेत, आणि पंप थांबल्यावर एका मिनिटाने २ च्या आसपास तरी टिकायला हवेत. दाब आधीपासूनच कमी असेल तर तुंबलेला फिल्टर, झिजलेला पंप किंवा दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर. दाब चढतो पण टिकत नाही, तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर. गेज लावण्याआधी लाइनमधला दाब उतरवा: पंपाचा फ्यूज काढून दोन-तीनदा सेल्फ मारा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, जोडाभोवती फडका गुंडाळा. जवळ विडी-सिगरेट, पेटता दिवा, उघडा बल्ब काही नको. अग्निशामक हाताशी असू द्या.

गेज नसताना करायची एक सोपी परीक्षा आहे. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना लांब सेल्फ मारावा लागतो ना? उद्या सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून पंप थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. लगेच पेटली तर रात्रीतून लाइनचा दाब उतरतो आहे, दुसरं काही नाही. रेग्युलेटरवरची व्हॅक्युमची बारीक नळी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ओल दिसली तर आतला पडदा फाटला आहे.

सीएनजी किट असलेल्या गाड्यांविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मुंबई-पुण्यात या वयाच्या कितीतरी गाड्या गॅसवर चालतात आणि त्यांचं दुखणं वेगळं असतं. गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाते, म्हणून मालक टाकीत लिटर-दोन लिटरच पेट्रोल ठेवतो. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. अनेक किटमध्ये गाडी गॅसवर धावत असतानाही पंप फिरत राहतो. कोरडा फिरून तो जळतो, आणि दोष मात्र "पेट्रोलवर चालू होत नाही" असा दिसतो. टाकी किमान पाव भरलेली ठेवा.

दुसरं, किट बसवताना इंजेक्टरच्या तारा कापून त्या इम्युलेटरमधून किंवा गॅसच्या ईसीयूमधून नेलेल्या असतात. गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवण्याचं काम तो करतो. त्याच्यातला रिले अडकला की पेट्रोलवरही इंजेक्टर बंदच. इंजेक्टरच्या कपलरवर एलईडी लुकलुकत नाही, पण ईसीएमकडून येणाऱ्या तारेवर, म्हणजे इम्युलेटरच्या अलीकडे, लुकलुकतो. तसं असेल तर ईसीएमला हात लावू नका. बऱ्याच किटसोबत तारा पुन्हा थेट जोडणारा बायपास कपलर येतो. तो लावून पाहा. तिसरं, महिनोन्‌महिने न वापरलेल्या इंजेक्टरच्या तोंडावर चिकट थर बसतो. इंजेक्टरचा रोध साधारण ११ ते १६ ओहम भरतो, त्यामुळे मीटरवर तो निरोगी दिसतो, पण पेट्रोल फवारत नाही. अल्ट्रासोनिक बाथमध्ये साफ करणं हा खरा उपाय. आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवली तर ही वेळ येत नाही.

ठिणगीच नाही, इंजेक्टर मात्र ठीक

इथे वाट छोटी आहे. कॉइलला चावी ऑन असताना बॅटरीचे व्होल्ट येतात का, ईसीएमकडून इग्नायटरला इशारा येतो का, मग कॉइल, मग प्लगपर्यंत जाणारी हाय टेन्शन वायर. या वायरचा रोध दर मीटर लांबीमागे साधारण १० ते २० हजार ओहम असतो; मल्टिमीटरवर आतून तुटलेली दिसली तर ती बदला, आणि सगळ्या एकदम बदला. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) असलेल्या गाडीत झाकण उघडून आत काळी बारीक रेघ, ओल किंवा झिजलेला कार्बनचा ठिपका बघा. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त सकाळी त्रास होत असेल तर झाकण आणि वायर कोरड्या फडक्याने पुसूनच सुरुवात करा.

दोन्ही आहेत, तरी पेटत नाही

प्लग काढा आणि त्यांच्याकडे नीट बघा. कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाही. वर दिलेली दाबाची तपासणी करा. ओले असतील तर इंजिन फ्लड झालं आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवलेली माणसं सवयीने सेल्फ मारण्याआधी ॲक्सिलरेटर तीन-चारदा दाबतात. इंजेक्शनच्या गाडीत त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट, फ्लड झालेल्या इंजिनात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. बहुतेक ईसीएम त्या स्थितीत इंजेक्टर बंद करतात आणि जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. इंजिन धरताच पाय उचला.

वारंवार फ्लड होत असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासा. २० अंशांना त्याचा रोध साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या आसपास हवा. तो पूर्ण तुटला तर ईसीएम बिघाडाचा कोड दाखवतो. त्रास होतो तो अर्धवट बिघडून खोटं बोलणाऱ्या सेन्सरचा, कारण तेव्हा दिवाही लागत नाही. गरम इंजिनला तो थंड म्हणाला की ईसीएम भरमसाट पेट्रोल सोडतो. थंड इंजिनला गरम म्हणाला की सकाळी पेट्रोल अपुरं पडतं. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. मॅप सेन्सरचीही अशीच परीक्षा आहे. इंजिन बंद, चावी ऑन, आणि तो त्या गावचा हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. मुंबईत ७० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार खराब.

ॲक्सिलरेटर किंचित दाबला तरच पेटते आणि सोडला की विझते, हे लक्षण साचलेल्या कार्बनचं. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडलेला असताना हवा देणारा) साफ करा.

सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि वेगवान वाटला तर टायमिंग बेल्टचा संशय घ्या आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवा. ऑइलचं झाकण काढून आत बघा, इंजिन पाना लावून हाताने फिरवलं तर कॅम किंवा रॉकर हलायला हवेत. कॉम्प्रेशन बघताना सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, बॅटरी भरलेली ठेवा. साधारण १२ ते १४ किलो मिळायला हवेत आणि सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक नको. फ्लड झालेल्या इंजिनात पेट्रोलने भिंतींवरचं तेल धुऊन जातं आणि कॉम्प्रेशन खोटं कमी दिसतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी चालूही होते.

महिना-दोन महिने उभ्या गाडीत पेट्रोलच तपासा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३पासून विकलं जाऊ लागलं आणि २०२५पर्यंत जवळपास सगळीकडे तेच मिळू लागलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत पाव लिटर घेऊन अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून फिल्टर बदला. या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगल्यात, मऊ पडल्यात का हेही त्याच वेळी बघून घ्या.

बिघाड हाती लागतच नसेल तर

कोड वाचण्यावर फार भिस्त ठेवू नका. भारतात ओबीडी-२ (बिघाडाचे कोड सामायिक पद्धतीने वाचू देणारी प्रणाली) एप्रिल २०१३पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचा कपलर असला तरी मोबाइलला जोडणारं स्वस्त यंत्र तिच्याशी बोलेलच असं नाही. ते जोडलं गेलं नाही म्हणून ईसीएम मेला असं होत नाही.

त्याऐवजी १ किलोओहमचे रेझिस्टर लावलेले तीन एलईडी आणा. पहिला मेन रिलेच्या आउटपुटवर, दुसरा पंपाच्या तारेवर, तिसरा कॉइलच्या पुरवठ्यावर जोडा. प्रत्येक तारेत १ अँपिअरचा फ्यूज टाका आणि तिन्ही एलईडी डॅशबोर्डवर चिकटवा. गाडी पुन्हा रुसेल तेव्हा सेल्फ मारताना कुठला विझलेला आहे ते बघा. पहिला विझला तर मेन रिले किंवा त्याचा पुरवठा. फक्त तिसरा विझला तर इग्निशन स्विच किंवा तो अलार्मचा रिले. पहिला आणि तिसरा पेटलेले, दुसरा मात्र सेल्फ मारताना विझलेला, तर पंपाचा रिले किंवा सेन्सर. तेव्हा स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी असेल तर पंपाचा रिले, नसेल तर सेन्सर. तिन्ही पेटलेले असून गाडी चालू होत नसेल तर पेट्रोलच्या दाबाचा गेज लावायची वेळ झाली.

दर वेळी वहीत चार गोष्टी टिपा: इंजिन गरम की थंड, टाकीत पेट्रोल किती, पाऊस होता का, आणि किती वेळाने चालू झाली. ही वही आणि एलईडीचं निरीक्षण मेकॅनिकच्या हातात द्या.

ईसीएमचा विचार सगळ्यात शेवटी करा. त्याला पूर्ण व्होल्टेज मिळतंय, अर्थ पक्का आहे, सेन्सरचा इशारा त्याच्या पिनेपर्यंत पोचतोय, आणि तरीही इंजेक्टर व इग्नायटरच्या पिनांवर काहीच बाहेर येत नाही, हे मोजून पाहिल्यावरच तो उघडा. आत पाणी शिरल्याची खूण किंवा गळलेले कपॅसिटर दिसले तर चांगला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा तो वाचवू शकतो. इमोबिलायझर असलेल्या गाडीत जुन्या बाजारातला ईसीएम नुसता जोडून चालत नाही. त्याच्यासोबत त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरचं युनिट आणावं लागतं किंवा स्कॅनरने नव्याने जुळवणी करून घ्यावी लागते.